पाहुण्याचा गळ

आमच्या बुलढाणा जिल्ह्यास समुद्र नाहीं. खारें पाणी म्हणून जें आम्हांस ठाऊक आहे तें लोणारचें. आणि त्या क्षारयुक्त सरोवराच्या कांठीं गळ घेऊन बसण्याची कल्पना कोणा शहाण्यास सुचल्याचें ऐकिवांत नाहीं. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं समुद्र अद्याप नकाशांतच पाहिला आहे. तेव्हां शाळेच्या वार्षिकांत समुद्रावरील मासेमारीची चर्चा कशास, असें कोणी विचारल्यास तो प्रश्न वावगा नव्हे. परंतु काळ पालटला आहे. २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईच्या बंदरांतून क्रूझ म्हणजे विहारनौका सुटूं लागल्या आणि त्यांच्या सफरींत लक्षद्वीपचीं बेटें आलीं. मलकापुरास किंवा शेगांवास रात्रीं आगगाडींत बसलेलें कुटुंब सकाळीं मुंबईस उतरतें आणि पुढें थोड्याच दिवसांत त्या बेटांच्या पांढऱ्या वाळूवर उभें राहूं शकतें. ज्यांस जाणें शक्य नाहीं त्यांच्या घरीं मोबाईल आहे, व त्यावर तीं बेटें आपण होऊन येतात. त्या चित्रांपैकीं एक चित्र आमच्या मुलांस फार आवडतें असें आम्हीं पाहिलें आहे. होडींत एक गृहस्थ उभे आहेत, डोळ्यांवर काळा चष्मा आहे, दोन्ही हातांत एक मोठा मासा आडवा धरलेला आहे आणि मुद्रेवर रणांगण जिंकल्याचा आनंद आहे.

ह्या चित्राविषयीं आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. प्रश्न असा कीं, सुटीच्या प्रवासांत परक्या बेटावर चार घटका उतरलेल्या पाहुण्यानें तेथील समुद्रांत करमणुकीसाठीं गळ टाकावा कीं टाकूं नये? आमचें मत आधींच सांगून टाकतों. टाकावा, परंतु यजमानाच्या सोबतीनें, यजमानाच्या रीतीनें आणि कोणाच्या तरी ताटासाठीं. ह्या तीन अटी ज्यास जड वाटतील त्यानें गळास हात न लावतां किनाऱ्यावर बसून लाटा पाहाव्या. तेंही सुख थोडें नाहीं.

प्रथम तें बेट काय आहे हें समजून घेतलें पाहिजे. लक्षद्वीपांत एकंदर ३६ बेटें असून त्यांपैकीं १० बेटांवर वस्ती आहे. केरळच्या किनाऱ्यापासून तीं सुमारें २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर अरबी समुद्रांत विखुरलेलीं आहेत. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी ती अवघी ३२ चौरस किलोमीटर भरते. म्हणजे आपला एकटा बुलढाणा जिल्हा तिच्या सुमारें तीनशेंपट मोठा आहे. २०११ च्या जनगणनेंत तेथील लोकसंख्या ६४,४७३ होती. हीं बेटें पोंवळ्याच्या किड्यांनीं युगानुयुगें रचलेलीं आहेत. बाहेरून पोंवळ्याच्या खडकाचें कडें, कड्याच्या आंत संथ उथळ निळें पाणी, आणि त्या पाण्याच्या कडेस नारळीचें बन, अशी त्यांची ठेवण असते. आंतल्या ह्या पाण्यास आपल्या भूगोलांत खाजण म्हणतात. तेथें ज्वारी पिकत नाहीं, कापूस पिकत नाहीं. भातासाठीं लागणारा तांदूळ देखील जहाजानें आणावा लागतो. नारळ आणि मासळी हींच तेथील दोन पिकें. आपल्या शेतकऱ्यास जशी काळी जमीन, तसें त्या लोकांस तें पाणी होय. मोठें जहाज ह्या कड्याच्या बाहेरच उभें राहतें. प्रवाशांस लहान होड्यांनीं कांठावर आणतात आणि कांहीं तासांनीं परत नेतात. बेटावर पाऊल ठेवण्यास परगांवच्या भारतीयासही परवाना लागतो, व हा नियम १९६७ पासूनचा आहे. परवाना मागावा लागतो ह्याचाच अर्थ असा कीं आपण तेथें पाहुणे आहों.

आतां मासेमारीविषयीं आपल्याकडे दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं गळास मासा लावणें हीच क्रूरता, मग तो कोणी कां लावीना. ह्या पक्षाच्या दयाबुद्धीचा आम्हीं आदर करतों. परंतु ज्या बेटावर धान्य उगवत नाहीं तेथील मनुष्यास मासा धरूं नको असें सांगणें म्हणजे उपाशी राहा असें सांगणेंच होय. गालीलच्या सरोवरावर जाळीं धुणारे आणि सांधणारे लोक प्रभूनें आपले पहिले शिष्य म्हणून निवडले. त्या धंद्यास हलका मानण्याचा अधिकार आम्हांस तरी नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो कीं आम्हीं पैसे मोजले आहेत, समुद्र कोणाच्या मालकीचा नाहीं, आणि दोन मासे धरल्यानें तो आटणार नाहीं. हें मत पहिल्याहून अधिक लोकप्रिय आहे व अधिक घातक आहे. पैसे दिले ते होडीचे, गळाचे आणि वाटाड्याच्या श्रमाचे. समुद्राची किंमत त्यांत कोणीं घेतलेली नसते.

योग्य मार्ग कोणता तें सांगण्यास आम्हांस पुस्तकी युक्तिवादाची गरज नाहीं, कारण तो मार्ग त्या बेटांवरच वहिवाटला आहे. लक्षद्वीपच्या दक्षिण टोकास मिनिकॉय नांवाचें बेट आहे. तेथील लोक मालदीवच्या भाषेशीं सख्खें नातें असलेली महल भाषा बोलतात, आणि कुपा म्हणजे ट्यूना हा मासा काठी व गळ ह्यांनीं धरण्याची त्यांची परंपरा जुनी आहे. ते आधीं खाजणांत जाऊन पोंवळ्याच्या आसऱ्यानें राहणारे बोटभर लांबीचे मासे जाळ्यानें उचलतात व नौकेच्या पोटांत समुद्राचें पाणी खेळतें ठेवलेल्या टांकींत जिवंत ठेवतात. मग कड्याबाहेर खोल समुद्रांत जाऊन, आकाशांत घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांच्या खुणेवरून कुप्यांची झुंड हुडकतात. झुंड सांपडली कीं तें जिवंत आमिष मुठीमुठीनें पाण्यांत फेंकतात व वरून पाण्याचे शिंतोडे उडवितात. कुप्यांस वाटतें कीं लहान मासळी वर उसळली आहे, आणि ते तिच्यावर तुटून पडतात. नौकेच्या मागील फळीवर ओळीनें उभ्या असलेल्या लोकांच्या हातीं लांब काठी, काठीस आंखूड दोरी आणि दोरीस ज्याच्या टोंकाला उलटा दांता नाहीं असा गळ असतो. मासा लागला कीं एका हिसक्यासरशीं तो डोक्यावरून मागें जातो, आणि दांता नसल्यामुळें आपोआप सुटून नौकेंत पडतो. त्याला हात लावून सोडविण्याची खोटी नाहीं. गळ लगेच पुन्हां पाण्यांत.

ह्या रीतीचा हिशेब पाहा. एका गळास एका वेळीं एकच मासा. जो धरावयाचा तोच धरला जातो. मैल मैल लांबीच्या जाळ्यांत अडकून मरणारें कासव किंवा डॉल्फिन ह्या काठीला कधीं लागत नाहीं. धरला जाणारा पट्टेरी कुपा हा लवकर वाढणारा मासा असून साधारण वर्ष-दीड वर्षांत तो अंडीं घालण्याजोगा होतो, त्यामुळें मोजक्या हातांनीं नेलेलें तो भरून काढूं शकतो. धरलेला मासा वायां जात नाहीं. ताजा खाऊन उरलेला उकडतात, धुरावर धरतात, उन्हांत वाळवतात. मग तो लांकडासारखा कठीण होतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. त्यालाच तिकडे मास म्हणतात. शेजारच्या मालदीवांतही हीच रीत आहे, व तेथील काठी-गळाच्या मासेमारीस २०१२ सालीं टिकाऊ मासेमारीचें आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालें. ज्या रीतीस पंडितांनीं आज शिक्कामोर्तब केलें ती त्या अल्पशिक्षित मासेमारांनीं शतकापूर्वींच संभाळली होती, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां पाहुण्याच्या गळाकडे वळूं. पाहुण्यास वेळ थोडा असतो. पक्ष्यांमागें खोल समुद्रांत हिंडण्यास सवड नसते, पोटांत मळमळ होते. तेव्हां त्याला मोह पडतो तो जवळच्या पोंवळ्याच्या खडकाचा. तेथें पाणी स्वच्छ, मासे रंगीबेरंगी, आणि गळाला लागणारे बरेचसे मासे मोठे. परंतु खडकावरचा मासा म्हणजे कुपा नव्हे. तेथें राहणारा हेकरू, ज्यास मुंबईकडे गोबरा म्हणतात, हळूहळू वाढतो. त्याच्या कित्येक जातींत मासे आरंभीं मादी असतात आणि वयानें मोठे झाल्यावर नर होतात. म्हणजे छायाचित्रासाठीं जो सर्वांत मोठा मासा आपण निवडून काढतों, त्यालाच त्या खडकावरील पुढच्या पिढीची गरज असते. दुसरा पोपटमासा. हा पोंवळ्यावरचें शेवाळ खरडून खातो, त्यामुळें नव्या पोंवळ्यास जागा मिळते. आणि खरडतांना पोटांत गेलेल्या पोंवळ्याची बारीक वाळू करून तो बाहेर टाकतो. मालदीवांतील अभ्यासांत असें दिसून आलें आहे कीं तेथील पांढऱ्या वाळूचा मोठा भाग ह्या माशांच्या पोटांतून आलेला आहे. ज्या वाळूवर बसून पाहुणा फराळ करतो ती वाळू करणारालाच तो गळ लावतो, हें त्याच्या ध्यानींमनींही नसतें.

ह्या विषयावर वर्गांत बोलणें निघालें असतां आमच्या एका विद्यार्थ्यानें फार चांगली शंका काढली. तो म्हणाला, “सर, मासा धरला, फोटो काढला आणि परत सोडला, तर मग कोणाचें काय गेलें?” शंका खरोखर विचार करण्याजोगी आहे, व पुष्कळ देशांत ही चाल रूढही आहे. उलटा दांता नसलेला गळ वापरला, मासा पाण्याबाहेर काढलाच नाहीं किंवा ओल्या हातानें क्षणभर धरून सोडला, तर तो बहुधा जगतो. परंतु चित्रांतला मासा तसा धरलेला नसतो. कोरड्या तापलेल्या हातांनीं त्याच्या अंगावरचें बुळबुळीत संरक्षक आवरण निघून जातें. चित्र मनासारखें येईपर्यंत तो हवेंत गुदमरतो. शिवाय खोल पाण्यांतून भरभर वर ओढलेल्या माशाच्या पोटांतील हवेची पिशवी वरचा दाब कमी होतांच फुगते. असा मासा सोडला तरी खालीं जाऊं शकत नाहीं, पृष्ठभागावर उलटा तरंगतो आणि दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडीं पडतो. सोडणारा मात्र आपण दया केली अशा समाधानांत निघून जातो. म्हणून आम्हीं त्या विद्यार्थ्यास एवढेंच म्हटलें कीं, बाबा, सोडावयाचाच असेल तर न धरणें हें सर्वांत सोपें. आणि धरावयाचाच असेल तर खाण्यासाठीं धर.

दुसरा आक्षेप असा कीं, पाहुण्यांच्या पैशावर बेटावरील कुटुंबें चालतात, त्यांच्या पोटावर पाय कां आणावा? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचें उत्तर आमच्या अटींतच आहे. पाहुण्यानें तेथील मासेमाराचीच होडी घ्यावी, त्याच्या सांगण्याप्रमाणें चालावें, खडक सोडून बाहेरच्या पाण्यांत कुप्यासाठीं गळ टाकावा, आणि जें मिळेल तें त्याच्या घरच्या चुलीवर किंवा आपल्या पानांत जाऊं द्यावें. येतांना मास विकत घ्यावें. तेणेंकरून पैसा यजमानाच्या हातीं पडतो आणि खडकही राहतो. खडक राहिला तरच पुढच्या वर्षीं पाहुणा येणार, हें त्या मासेमारास आपणांहून अधिक चांगलें समजतें. आठवण म्हणून पोंवळ्याचा तुकडा मात्र उचलूं नये. तो आपल्या देशांत वाघाइतकाच कायद्यानें संरक्षित आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. १९९८ सालीं समुद्र तापला आणि लक्षद्वीपचीं पोंवळीं पांढरीं पडून मोठ्या प्रमाणावर मेलीं. २०१० व २०१६ सालीं पुन्हां तेंच झालें, आणि २०२४ च्या उन्हाळ्यांतही तेथें पोंवळीं पांढरीं पडल्याचें शास्त्रज्ञांनीं नोंदविलें. १९९८ पासूनच्या चोवीस वर्षांच्या निरीक्षणांत जिवंत पोंवळ्याचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आल्याचें आढळलें आहे. एवढा अनर्थ साऱ्या जगाच्या धुरानें चालला असतां एका पाहुण्याच्या एका गळाची काय कथा, असें कोणी म्हणेल. आम्हीं हें मान्य करतों कीं मोठें कारण उष्णता हेंच आहे, आणि विहारनौकेच्या धुराड्याचाही त्यांत वांटा आहे. परंतु आजारी मनुष्याच्या छातीवर बसणाऱ्यानें ‘ताप मीं आणला नाहीं’ असें म्हणून चालत नाहीं. आजारांतून उठण्यास खडकाला पोपटमासा हवा, हेकरू हवा, आणि कांहीं वर्षांची उसंत हवी. कुप्यासाठीं लागणारें बोटभर आमिषही त्याच पोंवळ्यांत राहतें. पोंवळें गेलें तर आमिष जाईल, आमिष गेलें तर काठी जाईल, आणि काठीच्या जागीं जाळें येईल.

जाळें आल्यावर काय होतें हें पाहण्यास लक्षद्वीपला जावयास नको; आपलें कोंकण आहे. मालवणच्या किनाऱ्यावर गांवचे लोक एकत्र जमून रापण ओढतात व मिळालेली मासळी वांटून घेतात. यांत्रिक नौकांवरील पर्ससीन नांवाच्या अवाढव्य जाळ्यांनीं मासळीच्या झुंडीच्या झुंडी किनाऱ्यास पोंचण्यापूर्वींच उचलल्या जाऊं लागल्या, तेव्हां पारंपरिक मच्छीमारांस रस्त्यावर यावें लागलें. अखेर ५ फेब्रुवारी २०१६ रोजीं महाराष्ट्र शासनानें ह्या जाळ्यांवर निर्बंध घातले. पुढें २०२३ सालीं शासनानें पापलेटास राज्यमासा ठरविलें आणि ५४ जातींच्या माशांसाठीं पकडण्याची किमान लांबीही ठरवून दिली. पापलेटासाठीं ती १३५ मिलिमीटर आहे. कायदा आला हें चांगलें झालें. परंतु प्रत्येक होडीवर पट्टी घेऊन शिपाई उभा करतां येत नाहीं. धरणाऱ्या हातालाच मर्यादा कळावी लागते.

वाचक म्हणतील, हें सर्व समुद्रावरच्यांस सांगा, आम्हांस काय त्याचें? आमचें म्हणणें असें कीं हा धडा आधीं आपल्या दारांत गिरवावयाचा आहे. पैनगंगा आपल्याच जिल्ह्यांत उगम पावते. पूर्णा आपल्याच शिवारांतून वाहते. पहिल्या पावसानें ओढे भरले कीं चढणीचा मासा प्रवाहाविरुद्ध वर येतो. तो पोटांत अंडीं घेऊन येतो, आणि नेमक्या त्याच वेळीं काठ्या, टोपल्या, मच्छरदाण्या घेऊन पोरांच्या झुंडी त्याच्यावर तुटून पडतात. त्या एका माशाबरोबर हजारों मासे मरतात, जे अद्याप जन्मासही आलेले नसतात. कोणी डोहांत विषारी पूड टाकतात, कोणी विजेच्या तारा सोडतात. पाण्यांत विष किंवा सुरुंग टाकून मासे मारणें १८९७ सालींच कायद्यानें गुन्हा ठरविलें आहे. परंतु कायद्याहून मोठी गोष्ट ही कीं त्या डोहावर भोई बांधवांचीं कुटुंबें पोट भरतात. पाग टाकणारा भोई डोह कधीं निपटून काढीत नाहीं, कारण त्याला उद्यां पुन्हां तेथेंच यावयाचें असतें. विष टाकणारास पुन्हां यावयाचें नसतें. पाहुणा आणि घरचा मनुष्य ह्यांतील फरक तो हाच.

म्हणूनच आम्हांस त्या छायाचित्राची चिंता वाटते. मासा मेला एवढ्यापुरतीच ती नाहीं. तें चित्र पाहून आमचा विद्यार्थी असें शिकतो कीं परक्याच्या अन्नाशीं खेळणें हा पराक्रम होय. तो विद्यार्थी उद्यां कदाचित् अधिकारी होईल, व्यापारी होईल, गिर्यारोहक होईल. जेथें जाईल तेथें तो ‘येथून मला काय उचलून नेतां येईल’ असेंच पाहील. उलट ज्यानें मिनिकॉयच्या मासेमाराच्या शेजारीं उभें राहून एक काठी धरली, त्याच्याकडून पक्ष्यांची खूण ओळखावयास शिकला, आणि संध्याकाळीं त्याच्या अंगणांत बसून त्याच माशाचें कालवण खाल्लें, तो बेटावरून कांहींतरी घेऊनही आला आणि त्यानें बेटाचें कांहीं नेलेंही नाहीं.

पालकांस आमची विनंती आहे कीं, सुटीचा बेत आंखतांना हें मुलांशीं बोलावें. जाणें होईल त्यांनीं होडीवाल्यास दोन प्रश्न अवश्य विचारावे: आपण खडकावर जाणार कीं खोल पाण्यांत, आणि धरलेला मासा कोण खाणार? उत्तर समाधानकारक नसेल तर ते पैसे मास विकणाऱ्या बाईच्या दुकानांत खर्चावे. ज्यांचें जाणें होणार नाहीं, आणि आपल्यापैकीं बहुतेकांचें होणार नाहीं, त्यांनीं येत्या पावसाळ्यांत आपल्या गांवच्या ओढ्यावर चढणीचा मासा पाहावयास जावें. त्याला वर जाऊं द्यावें. दिवाळीच्या सुमारास तोच ओढा पाहावयास पुन्हां जावें, आणि पाण्यांत चमचमणाऱ्या पिलांकडे बोट दाखवून आपल्या धाकट्या भावंडांस सांगावें कीं हीं आम्हीं राखलेलीं आहेत. त्या वेळीं खुशाल छायाचित्र काढावें. तें आम्हीं पुढील वर्षींच्या वार्षिकांत आनंदानें छापूं.